वर्ग चारचं तेल

निवृत्त माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिअरबॉक्सच्या तळाशी गाळ साचावा तसे ते आपोआप साचतात. माझे साचले ते भंडाऱ्यात, मोरेश्वर मिस्त्रीच्या गॅरेजातल्या बाकावर. बाकाचे कायम सभासद तीन: निवृत्त नायब तहसीलदार गभणे साहेब, हातमागाच्या लुगड्यांचे व्यापारी हटवार शेठ आणि मी, कलेक्टर कचेरीतला माजी बाबू. चर्चेचा विषय एकच: माझी गाडी!

*

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा कोणती फाइल गोंदियाला जाणार आणि कोणती इथे राहणार, ते माझ्या टेबलावरून ठरत होतं. त्या गडबडीत एक साहेब गोंदियाला गेले आणि त्यांची जुनी गाडी माझ्या वाट्याला आली. फायलींवरून पुढे पुष्कळ पत्रव्यवहार झाला. गाडीवर मात्र कोणीच हक्क सांगितला नाही!

मी निवृत्त झालो आणि गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ आली. दुकानात दोन डबे. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५.

"पाच घ्या," गभणे साहेब म्हणाले. "चारपेक्षा पाच मोठे. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

विचार करण्यासारखं साहेबांनी नोकरीतही काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पाच घेतलं.

*

वर्षभरात दुसरा गिअर किंचाळायला लागला. मी कोपऱ्यावर वळलो की घरात चहाचं आधण चढायचं. एवढाच काय तो फायदा.

मग आंबागडहून मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्याचं निमंत्रण आलं.

"मले शरम वाटते," बायको म्हणाली. "मागच्या खेपेले तुमचा गिअर आयकून त्यायची गाय दावं तोडून पळाली! या रविवारी बिना आवाजानं पोचलो त ठेवा गाडी. नाही त सोमवारी भंगारवाला येऊन राहिला!"

"येऊन राहिला म्हणजे?"

"दहा वाजताची वेळ देली त्याले."

*

मोरेश्वर धान कापायला गावी गेला होता. त्याच्या गैरहजेरीत सूत्रं हटवार शेठकडे गेली.

"सगळ्यात जाड तेल टाका, बाबूजी. जाड कापडातून आवाज बाहेर नाही येत!"

जुनं तेल आम्हीच घमेल्यात काढलं आणि एकशेचाळीस नंबरचं जाड तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी पडली होती. आवाज खरोखरच गेला, कारण गिअर पडेचना! दांडा पहिल्यावर अडकला तो अडकलाच. वैनगंगेच्या पुलापर्यंत मी पहिल्याच गिअरमध्ये गेलो. एक दूधवाला सायकल बाजूला आणून अदबीनं म्हणाला,

"काका, मयत कोनाची होय? मांगं लोकं काहून दिसून नाही राहिले?"

*

मोरेश्वर परत आला आणि त्यानं आधी घमेलं उन्हात आणलं. जुन्या तेलात सोनेरी कण चमकत होते. शेठ वाकून बघतात तो काय!

"अरे वा! जरी निघाली!"

"जरी नोहोय शेठ, आतल्या पितळी रिंगा हायेत त्या. पाच नंबरातला मसाला पितळ खाते. अन् तेल इतकं घसरट का रिंग पकडच घेत नाही. मंग गिअर बोंबलनार नाही त काय करनार?"

आम्ही सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं.

*

"रिंगा अजून जिवंत हायेत," म्हणत मोरेश्वरनं जीएल-४ चा डबा पुढे ठेवला. ऐंशी-नव्वदचं, थंडीतही वाहणारं तेल. साहेबांनी वर्तमानपत्र खाली टाकलं.

"चार? वर्ग चार? म्हणजे शिपायाच्या दर्जाचं तेल?"

"साहेब, सरकारात चार हा पाचाच्या वरच," मी म्हणालो.

"पण सरकारात वर्ग पाच आहेच कुठे?"

"तेच तर म्हणतो, साहेब! जे पदच मंजूर नाही, ते मी गाडीत का भरू?"

साहेबांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं. मोरेश्वर हसून हसून बाकावर बसला.

"बाबूजी, कारन साफ चुकीचं, पन तेल एकदम बरोबर!"

*

रविवारी आम्ही दोघं निघालो. तुमसर मागे पडलं. बायकोनं डोळे मिटून घेतले होते. कान मात्र दांड्यावर. आंबागडच्या अलीकडे चढ लागला.

"टाका आता दुसरा. होऊ द्या काय होते ते!"

"टाकला."

"कधी?"

"चढावर. चढ संपला. आता तिसरा आहे."

तिनं डोळे उघडले.

एरवी आम्ही शिवेवर पोहोचलो की अख्खं घर ओसरीवर येऊन उभं असे. आज मेहुणीच्या दारात गाडी थांबली तरी कुत्रंसुद्धा उठलं नाही. आम्ही ओसरी चढलो. आतून मेहुणीचा आवाज आला,

"गाडीचा आवाज नाही आला अजून! ताई यायच्या आंधी काय बोलाचं ते बोलून घ्या!"

मी घसा खाकरणार, तोच बायकोनं माझ्या तोंडावर हात ठेवला. चांगली दहा मिनिटं आम्ही तसेच ऐकत उभे होतो.

साखरपुडा थाटात झाला. परतीच्या वाटेवर तुमसर येताच तिनं गाडीच्या डॅशबोर्डवर हलकेच थोपटलं. मग म्हणाली,

"पुढच्या रविवारी तुमच्या बहिणीकडे जाऊ. फोन नोका करू."