मोहल्ल्यातल्या तीन अंगणवाड्या

माझी मुलगी चार वर्षांची होत आली तरी घराबाहेर तोंड उघडत नव्हती. घरात नुसती चिवचिव, आणि दाराबाहेर पाऊल पडलं की गप्प. डॉक्टर म्हणाले, मुलांत सोडा. सासूबाईंना इंग्लिश मीडियमची नर्सरी हवी होती. मी म्हटलं, आधी सरकारी अंगणवाड्या तर बघू, घराभोवतीच तीन आहेत. शिवाय धारच्या नणंदेचा मुलगा अंगणवाडीतच बोलका झाला होता. मला खोडच आहे, भाजीसुद्धा तीन ठेल्यांवर बघितल्याशिवाय घेत नाही मी.

पहिली टेकरीच्या रस्त्याला. भिंतीवर हत्ती, अनार, पतंग, सगळं ताजं रंगवलेलं. मुलं ओठांवर बोट ठेवून रांगेत बसलेली. तिथल्या मॅडम माझं बोट धरून उभ्या आमच्या छोट्या बाईसाहेबांकडे बघून खूश झाल्या. "कित्ती शांत बच्ची है. ऐसे ही बच्चे चाहिए." माझं डोकंच फिरलं. अहो, त्या शांतपणापायीच तर आमची वणवण चालली होती.

दुसरीत मुलंच नव्हती. वजनकाटा होता, आणि खेळणी पिशवीत बांधून कपाटावर ठेवलेली. "खराब हो जाते हैं," तिथल्या दीदी म्हणाल्या. मुलं खाने के टाइम येतात म्हणे. मग खेळतात कधी, असं मी विचारलंच.

तिसरी पाण्याच्या टाकीमागे, एका खोलीत. रंग उडालेला, दारात चपलांचा ढीग, आत हाट भरल्यासारखा गलका. इथे काय टिकणार ही, असं मनात आलं. पण खिचडी वाढायची वेळ होती आणि मला ती चाखून बघायची होती, म्हणून आम्ही दोघी टेकलो. वाढणारी सहायिका खणखणीत आवाजाची. प्रत्येक मुलाला विचारायची, "कित्ती?" मूल सांगेल तेवढीच वाढायची.

आमच्यापाशी आली. "कित्ती?" मुलगी ताटाकडे बघत बसली.

"थोडी सी दे दो दीदी, वो बोलती नहीं," मी म्हटलं.

"आपसे नहीं पूछा, भाभी. बिना बोले मैं किसी को नहीं देती, फेंकना पड़ता है फिर." आणि पळी तशीच धरून उभी राहिली. पलीकडची मुलं ताटं वाजवायला लागली. मला असा संताप आला की मुलीला उचलून सरळ घर गाठावं.

"इत्ती," मुलगी म्हणाली. मग दोन्ही हात पसरून, "इत्ती सारी."

सहायिकेने वाढली आणि पुढे सरकली. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं. मुलगी जेवायला लागली तशी मी दारात येऊन यांना फोन लावला.

"काय झालं? कोणती बरी वाटली?"

"खिचडी मागितली तिने. परक्या बाईकडे. तोंडाने."

हे हळूच म्हणाले, "परत सांग."