रामहरीचं रक्त

तिसऱ्यांदा पोट रिकामं झालं, तेव्हा शिवकन्येनं लोकांसमोर रडणं सोडून दिलं. सास्तूरच्या घरात सासू बानूबाई मेंढरं सोडता सोडता म्हणायची, "हिच्या कुशीतच खोट हाय." नवरा रामहरी दूध डेअरीत कामाला. तो ऐकायचा आणि खाली मान घालून गाडीला किक मारायचा.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त मागितलं.

"माझं कशाला?" रामहरीनं विचारलं.

"मूल दोघांचं असतं म्हणून."

रिपोर्टला काही आठवडे लागतील म्हटल्यावर तो चुळबुळला. "साखरेचा तर तासाभरात कळतो, बाई."

बाईंनी समजावलं. प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. उलगडला तर माणसाच्या उंचीहून लांब भरेल. एवढा धागा मावावा म्हणून तो बारीक प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, पण एरवी सैल, पसरलेला. पेशीची दोन व्हायची वेळ आली की घडीवर घडी पडून त्याची आखूड, जाड गुणसूत्रं होतात. ती तेवढ्याच वेळात नीट दिसतात. म्हणून रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि ऐन तेव्हाच थांबवायच्या.

त्या आठवड्यांत शिवकन्येला जेवण गोड लागेना. फोन वाजला की हातातलं पीठ तसंच राहायचं. माझ्यातच निघालं तर हे मला माहेरी धाडतील, असं तिच्या मनात यायचं. रामहरीला विचारायचं धाडस होईना.

निघालं रामहरीत. बाईंनी संगणकावर गुणसूत्रांच्या जोड्या दाखवल्या. त्याच्या एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटला होता, आणि दुसऱ्याचा पहिल्याला. "तुमच्यात कमीजास्त काही नाही, म्हणून तुम्ही धडधाकट. पण मुलाला निम्मी देताना वाटणी चुकते. एखादा तुकडा दोनदा जातो, एखादा जातच नाही. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही. दर वेळी चुकेलच असं मात्र नाही."

घरी आल्यावर रामहरी आईपुढं बसला. "आई, खोट माझ्यात हाय. हिला आता बोलायचं न्हाय."

बानूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुज्या आधी माजी दोन पोटातच गेली. कुनाला सांगितलं न्हाय म्या." त्या दिवशी तिनं सुनेला ताट वाढून दिलं. माफी मागितली नाही. शिवकन्येनंही तिची वाट पाहिली नाही.

पुढं पुन्हा दिवस राहिले. शिवकन्या पाऊल जपून टाकायची, पोटात जरा ओढ बसली की भिंत धरून उभी राहायची. चौथा महिना सरल्यावर गर्भजल तपासायला दिलं. पुन्हा तेच थांबणं. रामहरी डेअरीतून मधेच घरी यायचा, दारातून बघून परत जायचा.

निकाल सांगताना बाई सावकाश बोलल्या. "बाळात वडिलांसारखीच अदलाबदल आहे. कमीजास्त काही नाही."

"मंजी जगंल?"

"तुकड्यांच्या चुकीनं जाईल ही भीती आता राहिली नाही."

शिवकन्येनं पदर तोंडाशी धरला. मग विचारलं, "अन् मोठं झाल्यावर त्याच्या लेकरांचं?"

"त्या वेळीही असंच तपासावं लागेल."

उमरग्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. बानूबाईनं तिला आधी मांडीवर घेतलं. रामहरी हसत होता. शिवकन्या मात्र लेकीच्या मुठी उघडून पुन्हा पुन्हा बोटं बघत राहिली. बापाकडून आलेली ती अदलाबदल हिला कधी सांगायची, ते तिला अजून ठरवता येत नव्हतं.