पन्हळ, जैसे थे

येसूबाईची गोष्ट सांगताना मला आजही राग येतो, आणि तो धोंडूपेक्षा तिचाच जास्त येतो.

आमच्या शेजारची ही विधवा बाई. एकाच मातीच्या भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे तिचा दीर धोंडू. दोन्ही छपरांचं पाणी भिंतीवरच्या पन्हळीत उतरायचं. पन्हळ म्हणजे उभं चिरून पोखरलेलं पोफळीचं खोड. ती कुणाची, यावरून धोंडूने १९३१ साली दावा ठोकला आणि निकाल लागेपर्यंत सगळं 'जैसे थे' ठेवा, असा कोर्टाचा हुकूम आला. धोंडूने त्या दोन शब्दांचा असा अर्थ लावला की पन्हळीत अडकलेलं फणसाचं पान काढायचीही चोरी झाली. दोन पावसाळ्यांत ती कुजून मधोमध फाटली.

तिसऱ्या आषाढात येसूबाईची लेक गोदा पहिल्या बाळंतपणाला आली. बाळंतिणीची खोली नेमकी त्या भिंतीला लागून. पाचव्या दिवशी भिंतीचं ढेकूळ निखळून बाजेशेजारी पडलं. भिंत हाताला भिजल्या भाकरीसारखी लागत होती. पडवीत पावसाची झड, आणि सुवेर असलेली बाळंतीण चुलीपाशी न्यायची कशी? गोदाला हलवायला जागाच नव्हती.

येसूबाई धोंडूच्या दारात गेली. "भावजी, पोरगी मरंल माजी. नवी पन्हळ घालू द्या."

"कोर्टाचा हुकूम हाय, वयनी. हात लावलास तर बघ," म्हणून त्याने दार लोटलं.

मग तिने परसातली पोफळ एकटीने तोडली, चिरली, कोयतीने पोखरली आणि भर पावसात वर चढली. मी खाली शिडी धरून उभी. तिचे हात सोलवटले होते. रडत होती, शिव्या देत होती, कुणाला ते पावसात ऐकू येईना. कुजकी पन्हळ उपसून तिने खाली फेकली, नवी बसवली. भिंतीवरचं पाणी थांबलं. गोदा वाचली, बाळ वाचलं.

दिवाळीनंतर तारीख लागली. जुनी पन्हळ कुणाच्या वाशांवर टेकली होती हाच तर पुरावा, तोच हिने नाहीसा केला, असा धोंडूच्या वकिलाने गळा काढला. जज्जसाहेब भला माणूस. त्याने स्वतःहून विचारलं, "बाई, पन्हळ पावसाने पडली का?"

अहो, इतका सोपा प्रश्न कोर्टात कुणाला मिळतो? मागे बसून मी 'हो' म्हणून माना हलवून थकले.

"नाय सायब. मीच काडली."

निकालात पन्हळ गेली, भिंत गेली, भिंतीलगतची खोलीही धोंडूकडे गेली. कोर्टातून पावस गावच्या रस्त्याने परतताना बाळाला खांद्यावर घेतलेली गोदा धुसफुसत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "आये, पावसानं पाडली म्हटलं असतंस तर काय बिगडलं असतं?"

येसूबाई थांबली. आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली.

"असं सांगता येतं व्हय गो?" म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडली.