माझं भागलं

कुणावर लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिताना अजून हात अडखळतो. शिवाय ज्याच्यावर लिहितोय, त्याला चारचौघांनी आपल्याकडे पाहिलेलंही सोसत नाही. म्हणून नाव बदललं आहे. त्याला दत्ता म्हणतो.

दत्ता पैठणकडचा. संभाजीनगरात आम्ही औरंगपुऱ्यात एका खोलीत राहायचो आणि शेजारच्या मेसमध्ये जेवायचो. तिथं पोळ्या हव्या तेवढ्या मिळत, फक्त हाक मारून मागायच्या. दत्ताने कधी हाक मारली नाही. ताटात पहिल्यांदा पडेल तेवढंच खायचा आणि उठताना म्हणायचा, "माझं भागलं." खोलीवर आला की मात्र बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायचा. पोरं म्हणायची, "लई भाव खातो राव तुझा पार्टनर!" मलाही तसंच वाटायचं. पण आम्ही गप्पा मारत बसलो की तो पुस्तक उघडून बसे, पान मात्र उलटत नसे. आमच्या विनोदांना खाली मान घालून हसे.

मेसच्या मावशी मायाळू. एकदा भर गर्दीत त्या ओरडल्या, "आरं, ह्या नवरदेवाला वाढा की! लाजतंय लेकरू!" सगळे हसले. दत्ताही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मेस सोडली.

तो वाळत चालला. कॉलेज सोडून गावी जायचं म्हणू लागला. मी विचारलं, "मावशींचा राग आला का?"

"राग कशाचा? त्या चांगल्याच हायेत. पण मागितलं अन् कुणी तोंड वाकडं केलं तर? त्यापरीस भागलं म्हणलेलं बरं."

मी आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमना त्याचं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, "न भेटता निदान करू नये. पण काही जणांना माणसांची ओढ खूप असते आणि आपण नकोसे ठरू ही भीती त्याहून मोठी. टाळता टाळता तोच स्वभाव होऊन बसतो. त्याला ढकलू नकोस. तयार झाला तर घेऊन ये."

मावशींना म्हटलं, आग्रह करू नका. त्यांना पटेना. "बिनाआग्रहाचं वाढू? मांजराला टाकल्यावाणी?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच कोपऱ्यातल्या टेबलावर पोळ्यांचा डबा ठेवला. ज्याला हवी त्यानं घ्यावी. वाढणाऱ्यांना बजावलं, "तिकडं बघायचं नाय."

हे कळल्यावर दत्ता परत येऊ लागला, गर्दी ओसरल्यावर. मी मॅडमचं सांगितलं होतं, पुढे आपणहून त्यांच्याकडेही गेला. पहिल्यांदा दारातूनच परतला होता.

यंदा नोकरीसाठी मी पुण्याला आलो. दत्ता फोन उचलत नाही, मेसेजला फक्त अंगठा पाठवतो. परवा मावशींचा फोन आला.

"आरं, आज डबा भरायचाच राहिला माझा. ऐन गर्दीचा टाइम, हल्ली तवाबी येतो त्यो. तुझा जोडीदार रिकाम्या डब्याकडं बघत बसलेला. म्हणलं, गेलं आता हे लेकरू उठून. म्या आपली पाठ करून तव्याकडं बघत राहिले. तर मागून आवाज आला बघ, 'मावशी, एक पोळी. भागलं नाय माझं.'"