अक्काच्या नावाची चिठ्ठी

हे पुरतं असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकीला सांगितलं, तेही परवा, आणि तेही फार उशिरा. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता, तर आजही मी गुडघ्याचंच कारण पुढे केलं असतं.

माझी जीभ तिखट. बोदवडला आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोराही होता. चारचौघी जमल्या की मी काहीतरी बोलावं आणि बाकीच्यांनी तोंडाला पदर लावून हसावं — याची चटक लागते हो. मला लागली होती.

माझी मोठी जाऊ शेजारच्याच घरात राहते, भिंतीला भिंत लागून. मी तिला अक्का म्हणते. माहेर साक्रीकडचं, इतक्या वर्षांत तिची अहिराणी काही सुटली नाही. तिच्या हातचा उडदाचा पापड असा पातळ, की खालचं पोळपाट दिसावं. चैत्र लागला की गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आज हिच्या घरी, उद्या तिच्या, असं करत सगळ्यांचे पापड उरकतात. अक्काला सगळ्यांत आधी बोलावणं जायचं.

मग एका वर्षी तिला काहीतरी झालं. काय झालं? आता मला नाव माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसायचं की अकरा वाजले तरी हिची वेणी नाही, गॅसवर भाजी करपतेय आणि ही तिथेच उभी. एकदा मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा जवळ आली आणि म्हणाली, "बठ्ठं शे माय, पन माले काहीच वाटत नही. नातू मांडीवर बसस, तरी नही." बठ्ठं शे, म्हणजे सगळं आहे.

गावातल्या डॉक्टरांनी तिला जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली होती. खाली पत्ता, वर अक्काचं नाव. घरी भाऊंच्या — म्हणजे तिच्या नवऱ्याच्या — हाती पडली तर ते ओरडतील, म्हणून तिने ती घडी करून माझ्याकडे ठेवायला दिली. "मंगळवारले मनासंगे ये. माले एकलीले भ्याव वाटस."

सोबत यायला मी हो म्हणाले.

सोमवारी आमच्याकडे पापड होते, दहा-बाराजणी बसलेल्या. अक्का आली, आणि लाटणं हातात धरून नुसती बघत राहिली. तिच्यापुढची लाटी कोरडी पडली. कुणीतरी विचारलं, अक्काला बरं नाही का? आणि मी म्हणाले, "पापड आले की बरोबर हिचं दुखणं निघतं! आता तर आमच्या अक्काला वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय म्हणे."

सगळ्या हसल्या. फार हसल्या. अक्काने लाटणं पदराने पुसलं, पोळपाट काखेत घेतलं आणि गेली.

मंगळवारी ती तयार होऊन बसली असेल का? मी बघायला गेलेच नाही. बोलणं गल्लीतून फिरत भाऊंपर्यंत गेलं, आणि डॉक्टरचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही असं त्यांनी तिला बजावलं. चिठ्ठी माझ्याकडेच राहिली. तिने मागितली नाही, मी दिली नाही.

एवढ्यावर भागलं असतं, तर जीभ घसरली म्हणून मी कधीच स्वतःला माफ करून टाकलं असतं. पण पुढे ऐका.

सात वर्षांनी तेच माझ्या वाट्याला आलं. सकाळी उठवेना. लेक माहेरपणाला आली, तरी तिच्याशी बोलवेना. पुढे पुढे तर आपण नसलेलंच बरं, असं वाटायला लागलं. त्या विचाराची मला भीती वाटली. साड्यांखालून अक्काची चिठ्ठी काढली, पत्ता वाचला, आणि गुडघे दाखवून येते असं सांगून जळगावच्या गाडीत बसले.

डॉक्टर बाई होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "तुम्ही आळशी नाही, आजारी आहात. याला डिप्रेशन म्हणतात, आणि यावर उपचार आहेत." मी तिथेच रडले. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? मी म्हणाले, नाही.

गोळ्या ओव्याच्या डब्यात लपवल्या. दर महिन्याला जायचे, त्यांच्याशी बोलायचे. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मला चहाची चव लागली. मी सावरले. आणि अक्का? ती शेजारच्या ओट्यावर तशीच बसलेली. दोन वर्षं मी तिला रोज पाहिलं. सांगायला काय लागत होतं — एक वाक्य? पण मग पापडाच्या दिवशीचंही बोलावं लागलं असतं, आणि गल्लीने मलाही वेडी म्हटलं असतं. मला माझी अब्रू तिच्यापेक्षा मोठी वाटली.

या चैत्रात पुन्हा आमच्याकडे पापड झाले. अक्काला आता कुणी बोलावत नाही. बायका गेल्यावर मी अंगणात पापड उलटत होते आणि ती ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "तुना गुडघा बरा व्हयना ना? चांगलं व्हयनं, माय." माझा गुडघाच बरा झाला, असं ती समजत होती.

मग मात्र मला राहवेना. आतून चिठ्ठी आणली, तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं — डॉक्टर, गोळ्या, ओव्याचा डबा, दोन वर्षं. तिने घडी उलगडली. घडीवरची अक्षरं उडाली होती, तिचं नाव मात्र नीट वाचता येत होतं.

"मंग इतला वरीस?" तिने विचारलं.



येत्या मंगळवारी आम्ही जळगावला जाणार आहोत. कसल्या डॉक्टरकडे, ते भाऊंना मीच सांगितलं. काल अक्काला गाडीची वेळ सांगायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "मी येसू. पन तू मनाजोडे बसू नको."

मी दुसऱ्या बाकावर बसेन.