उल्केचा दगड आणि मास्तरांची चौकशी

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विसरलो, पण हे एक काही केल्या डोक्यातून जात नाही. तेव्हा मी ठाणेदार होतो. अमडापूरकडच्या एका खेड्यात भरदुपारी मोठा आवाज होऊन शेतात नारळाएवढा काळा दगड पडला. तिसऱ्या दिवशी त्याला शेंदूर लागला, लिंबाखाली ओटा झाला. शेतमालकाची म्हातारी आई रोज उजाडताच त्यावर तांब्याभर पाणी घालू लागली.

गावच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर तेवढे वेगळं सांगत होते. मंगळ आणि गुरू यांच्या मधे फिरणाऱ्या एखाद्या लघुग्रहाचा हा तुकडा असावा, यात लोखंड आहे, पाण्याने गंजेल, शास्त्रज्ञांकडे द्या. असे दगड जमवणाऱ्या शौकिनांचा एक दलालही गावात येऊन गेला होता.

आठवड्याने दगड नाहीसा झाला. पोलीस पाटलांचा फोन आला, "साहेब, लवकर या. दगड मास्तरनंच नेला म्हनून लोकं जमून राह्यले."

मास्तरांचं घर बौद्ध वस्तीत होतं. जमाव तिकडे वळला तर एका दगडापायी गाव पेटेल, हे मला दिसत होतं. मी मास्तरांना सर्वांदेखत जीपमध्ये बसवलं आणि ठाण्यात आणलं. ही अटक नव्हती, मला त्यांच्या जिवाची काळजी होती. पण हे मी कुणालाच सांगितलं नाही, त्यांच्या बायकोलाही नाही.

ठाण्यात त्यांनी चहाला हात लावला नाही. "साहेब, उद्या पोरांसमोर कसा उभा राहू?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

दलालाला चिखलीत गाठलं. झडतीत काही निघालं नाही. शेतमालकाशी सौदा ठरला होता, पण दगड हाती आलाच नाही, म्हणाला. शेतमालकाला तासभर फैलावर घेतलं, तर तोही गोंधळलेला. तिकडे गावातली गर्दी हटत नव्हती. मी पंचनामा आणि जबाब पुन्हा वाचायला घेतले. ओटा रिकामा आहे हे सगळ्यात आधी एका गुराख्याने सकाळी नऊ वाजता पाहिलं होतं. मग रोज उजाडताच पाणी घालणारी म्हातारी कुठे होती? विचारपूस केली, तर ती त्या दिवशी तिकडे फिरकलीच नव्हती. दगड तिथे नाही हे तिला आधीच ठाऊक असणार.

म्हातारीने आढेवेढे घेतले नाहीत. गव्हाच्या कोठीत हात घालून फडक्यात गुंडाळलेला दगड काढून दिला. "पोरगा इकून राह्यला होता ना. अन् मास्तर म्हने, पान्यानं गंजते. म्हून कोरड्यात ठुला."

"मग मास्तरांना नेलं तेव्हा का बोलल्या नाहीत, आजी?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "काऊन बोलू? दगडाचं इचारासाठीच नेलं ना तुमी त्याईले? गावात त्याईच्याएवढं कोनाले समजते?"

मी दगड ताब्यात घेतला आणि मास्तरांना घरी पोचवलं. दगड तहसीलदारांमार्फत शास्त्रज्ञांकडे गेला. मास्तरांवर गुन्हाच नव्हता, त्यामुळे निर्दोष असल्याचा कागद तरी कसला देणार? मी गावात बैठक घेऊन खरं काय ते सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तरांनी बदली करून घेतली.

जीपमध्ये बसवलेला माणूस गावाच्या लेखी गुन्हेगारच असतो, हे मला माहीत होतं. संरक्षणच द्यायचं होतं, तर त्यांच्या ओसरीवर खुर्ची टाकून मी स्वतः बसायला हवं होतं. मास्तरांची माफीही मी मागितली नाही. ठाणेदाराने कसली माफी मागायची, असं तेव्हा वाटलं. आज त्याची लाज वाटते.