इकोचा डबा

घाटंजीच्या भजनस्पर्धेत साउंडवाल्यानं मिक्सरमधून एक वायर इकोच्या छोट्या डब्यात नेली होती, दुसरी डब्यातून परत मिक्सरमध्ये. गायलेला शब्द मागून पुन्हा पुन्हा घुमायचा. साठीतली मी तेव्हा स्वतःला कोकिळा समजायचे. ते घुमणंही माझ्याच गळ्याचं वाटे. पण प्रत्येकीच्या शेवटच्या ओळीला तो अंगठ्यानं डबा बंद करी.

माझी पाळी येण्याआधी मी तोऱ्यात विचारलं, "काहून रे भाऊ, आमचं गोड गाणं ऐकवत नाही का तुले?"

"माही बायको स्टेजवर गाता गाता कोसळली न् गेली, काकू. डब्यातून तिचा शब्द येतच होता. मी खाली मिक्सर पाहत होतो. मले वाटलं, गाऊन राह्यली."

शेवटची ओळ मी इकोशिवाय गायले. थांबले, तेव्हा त्यानं मान वर करून मी उभी आहे ना, ते पाहिलं.